विमानातली आप्पांची जागा

आप्पांची तिरडी विमानाच्या पंखाखालून बाहेर काढावी लागली. विमान पडवीच्या वाशांना टांगलेलं, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला, आणि घराला पुढून दुसरी वाट नाही. खांदेकरी वाकून निघाले, तरी उंच असलेल्या गुरवाच्या कपाळाला उजवीकडचं इंजिन लागलंच. चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. केळशीच्या बाजारात त्या दिवशी दोन बातम्या गेल्या. एक, बॉम्बवाले आप्पा गेले. दोन, जाता जाता शेवटचा बॉम्ब गुरवावर टाकून गेले.

ते विमान आप्पांच्या धाकट्या मुलाचं, शिवाचं. अलोऱ्याला कोयनेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून जन्म काढला, निवृत्त होऊन गावी आला, आणि बायको चिमा म्हणाली त्याप्रमाणे, आल्या आल्या डोक्यावर पडला. आप्पा ज्या विमानातून दुसऱ्या महायुद्धात रंगूनवर बॉम्ब टाकायला जायचे, तसं विमान त्याला करायचं होतं. लिबरेटर. चार इंजिनांचं, दोन शेपट्यांचं, पोट सुटलेलं. पुण्याच्या कुणा निवृत्त हवाई दलवाल्याकडून त्याने नकाशे आणले आणि मूळ विमानाच्या एक दशांश मापाने काम धरलं. आंब्याच्या खोक्यांच्या फळ्या चिरून सांगाडा केला. तेलाचे डबे उलगडून, ठोकून, घासून पत्रा चढवला. गोळ्या-बिस्किटांच्या प्लॅस्टिकच्या बरण्या स्टोव्हवर मऊ करून बंदूकवाल्यांचे काचेचे घुमट काढले. पोटाखालचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे वर गुंडाळले जातात, तेही त्याने बांबूच्या काड्यांचे करून दाखवले. दोन वर्षं घरात फेविकॉलचा वास होता. चिमाच्या आमटीलाही येई.

विमान पुरं झालं होतं. फक्त पाठीवरचा पत्रा बसवायचा बाकी होता, कारण आत आप्पांना बसवायचं होतं. शिवाने शिवणीच्या लाकडाचा टीचभर माणूस कोरून ठेवला होता. गुडघे दुमडून बसलेला, डोक्यावर टोपी. पत्रा एकदा ठोकला की मग आत हात घालता येणार नव्हता. आणि कुठे बसवायचं, हे आप्पांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. विचारलं की खाटेवरून म्हणत, "घाई काय हाय? मी अजून हाय ना. मेल्यावर बसवा."

आता ते मेले होते, आणि आज दहावा होता.

सकाळी न्हाव्याने थोरल्या सदूच्या आणि शिवाच्या डोक्यावरून वस्तरा फिरवला. दोघे गोटे करून पडवीत आले आणि विमानाच्या दोन बाजूंना उभे राहिले. मधे मैना, चिपळूणहून आलेली. भावांच्या मधली, म्हणून लहानपणापासून दोघांची भांडणं सोडवण्याचं, आणि कधी लावण्याचंही काम तिचं.

"पुढे, पायलटच्या शेजारी," सदू म्हणाला. "यात विचारायचं काय आहे? बोर्ड रंगवून झालाय."

बोर्ड त्याने मुंबईहून रंगवून आणला होता. सव्वीस जानेवारीला विमान गावच्या शाळेच्या सभागृहात टांगायचं होतं. त्याखाली हा बोर्ड. 'गंगाराम तुकाराम भुवड, बॉम्बफेकी विमानाचे सहपायलट.' आप्पा गेल्यावर, दहाव्याच्या आदल्या दिवशी, दापोलीला नेऊन त्यात 'कै.' घालून घेतलं. नावाच्या आधी जागा नव्हती, म्हणून रंगाऱ्याने ते कोपऱ्यात वर चढवलं होतं, कौलावर बसलेल्या मांजरासारखं.

"दादा, आप्पा शेपटाच्या घुमटात होते," शिवा म्हणाला. "मशीनगनवर. मागे तोंड करून."

"कोण म्हणालं?"

"आप्पाच म्हणाले."

"मला म्हणाले, गोऱ्याला डुलकी लागली की विमान माझ्या हातात असायचं. तू काय मला खोटं पाडतोस?"

"तुम्ही दोघं गप्प बसा," मैना म्हणाली. "आप्पा पुढच्या काचेत होते. नाकात. पालथे पडून बॉम्ब टाकायचे. मला स्वतः सांगितलंय."

चिमा चहा घेऊन आली. तिने तिघांकडे आणि मग टीचभर माणसाकडे पाहिलं.

"एका माणसानं विमान चालवलं, बॉम्ब टाकले, वर मागनं गोळ्या पण झाडल्या," ती म्हणाली. "बाकीचे गोरे काय पत्ते खेळत होते, भावजी?"

सदूला राग आला. चिमावर नाही, हसू दाबणाऱ्या मैनेवर. सोळाव्या वर्षी तो मुंबईला निघाला तेव्हा आप्पा दाभोळच्या धक्क्यापर्यंत सोबत आले होते. बोटीला वेळ होता आणि सदूचे पाय लटपटत होते. तेव्हा आप्पांनी ती गोष्ट सांगितली. पहिल्यांदा विमान हातात आलं तेव्हा माझे पण पाय असेच हलत होते, पण ते गोऱ्याला कळू दिलं नाही. सदूनेही मग चाळीत, गोदीत, साहेबापुढे, कुणालाच कधी काही कळू दिलं नव्हतं. पायलटचा पोरगा, एवढं म्हटलं की त्याचं त्यालाच उंच वाटे. हे सगळं आता तो भावाबहिणीला कुठे सांगत बसणार? तो म्हणाला, "थोरला मी आहे. मला खरं सांगितलं असणार."

"थोरला म्हणून तुझा पगारही थोरलाच सांगायचास तू," मैना म्हणाली.

"मैने!"

"बरं, मी शिवाच्या बाजूने. शेपटात बसवा. पण पायलटच्या जागी नको."

"आत्ता तर नाकात म्हणत होतीस."

"नाकात होतेच. पण तुला मिळण्यापेक्षा शेपूट बरं."

गोदूबाई आतून काठी टेकत बाहेर आली. पंख तिच्या डोक्यावरून जात होता, तिला वाकावंही लागलं नाही.

"चला," ती म्हणाली. "गुरुजी नदीवर जाऊन बसलाय. मी पण येतंय."

"आई, तू कशाला एवढं चालत?"

"माझा नवरा हाय. कावळा शिवतो का नाय ते मला बघायचं हाय."

*

कावळा शिवेना.

पिंड मांडून झाले. शिजलेल्या भाताचे पांढरे गोळे केळीच्या पानावर वाफ सोडून गार झाले. सगळे दहा पावलं मागे सरकले. समोरच्या सुरूच्या झाडांवर कावळे होते, चांगले तीसभर. बसले होते आणि बघत होते.

"बंदरावर बोंबील वाळत घातलेत," गुरुजी म्हणाले. "हल्ली केळशीत हा त्रास फार. भाताला कोण विचारतो?"

"दर्भाचा कावळा करा ना," सदू म्हणाला. गवताचा कावळा करून पिंडाला लावला की भागतं, हे त्याने मुंबईत दोनदा पाहिलं होतं.

"करता येतो. पण आधी इच्छा विचारा. माणसाचं मन कशात अडकलं असेल तर ते मोकळं करायचं, मग दर्भ."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आप्पांचं मन कशात अडकलंय हे सांगायला गुरुजी नको होते.

सदू पुढे झाला. हात जोडले. "आप्पा, चिमाला आणि शिवाला काही कमी पडू देणार नाही." कावळे हलले नाहीत. सदूने घसा साफ केला आणि आवाज चढवला, कारण आता तो खरं बोलणार होता. "आप्पा, तुम्हाला पायलटच्या शेजारी बसवतो!"

एक कावळा उडाला. सगळ्यांच्या माना वर झाल्या. तो उडून मागच्या फांदीवर, आणखी लांब जाऊन बसला.

"बघा," मैना म्हणाली आणि पुढे झाली. "आप्पा, काचेच्या नाकात. खाली सगळा समुद्र दिसेल असं. मी स्वतः बसवते."

चिपळूणला सासरी पाठवायच्या आदल्या दिवशी ती परसात केळीखाली बसून रडत होती. आप्पा येऊन शेजारी बसले. समजूत काढली नाही. नुसतं सांगत राहिले, की पालथा पडून काचेतून बघितलं तर पोटात खड्डा पडायचा. पण सगळ्यांच्या आधी सगळं मलाच दिसायचं. नदी आली की पहिली मला. मैनेने सासरचं घर, वाशिष्ठीचा पूर, नवऱ्याचं आजारपण, सगळं तसंच पोटात खड्डा घेऊन पण डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं.

कावळ्यांनी पंख साफ केले. त्यांना मैनेच्या बोलण्याचंही काही नव्हतं.

शिवा सगळ्यात शेवटी गेला. त्याला बोलायची सवय नव्हती. मॅट्रिकला दोनदा नापास झाला तेव्हा आप्पांनी हात उगारला नव्हता, की दादाचं उदाहरण दिलं नव्हतं. विहिरीवर बसवून म्हणाले होते, शेपटात बसलेला माणूस सगळ्यांच्या मागे असतो, पण मागून येणारं विमान त्यालाच दिसतं. तो नसेल तर पुढच्या शहाण्यांचं काही खरं नाही. दोन वर्षं पत्रा ठोकताना शिवाने शेपटाच्या घुमटाला सगळ्यात जास्त वेळ दिला होता. तीन बरण्या जाळल्या होत्या.

"आप्पा," तो म्हणाला. "मागच्या घुमटात जागा केलीय. मापात बसतं."

काही नाही. ऊन वर आलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाची जुडी सोडायला घेतली.

तेव्हा गोदूबाई हसायला लागली.

आधी कुणाला कळलं नाही. वाटलं, खोकला आला. मग ती काठीवर रेलून, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली. दहा दिवस तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते आता हसता हसता आलं.

"आई, लोक बघतायत," सदू म्हणाला.

"बघू देत. अरे मेल्यांनो, कावळा कसा शिवल? ह्या माणसानं जलमभर त्यांना दगड मारले!"

"कुणी?"

"तुमच्या बापसानं! बंगालातल्या विमानतळावर ह्याला कशाला ठेवला व्हता? पाखरं हाकायला! गोऱ्यांचा भटारखाना तिथं, खरकटं तिथं. कावळे, घारी, गिधाडं सगळी विमानाच्या वाटेवर. विमान उठताना इंजनात पाखरू गेलं की बसा बोंबलत. म्हणून हे. एक डबा, एक काठी. भातावरची पाखरं हाकायला गावातच शिकला व्हता, तेच काम सरकारनं पगारावर दिलं."

मैना आईजवळ सरकली.

"म्हणजे आप्पा विमानात...?" मैनेने विचारलं.

"चढलेपण नाय कधी. एकदा शिडीवर पाय ठेवला तर गोऱ्यानं कानफटवला."

गुरुजींनी दर्भाची जुडी मांडीवर ठेवली. पंचवीस वर्षं दहावे चालवत होते, पण असा कधी रंगला नव्हता.

"तुला कधी सांगितलं हे?" सदूने विचारलं.

"लगीन झालं तेव्हा. गावभर नाव झालेलं, रंगूनवर बॉम्ब टाकून आला म्हणून. मी डोंगरातली पोर. मला भीती. ह्या हातानं किती बायकापोरं मारली असतील, आणि त्याच हातानं मला हात लावणार. मी ह्याच्या ताटातलं जेवीना. आठ दिस माजघराच्या कोपऱ्यात बसून काढले. शेवटी आला, समोर बसला नि म्हणाला, गोदे, कुणाला बोलू नको. मी कावळे हाकत व्हतो. माणूस सोड, कावळ्यालापण दगड धड लागला नाय कधी." गोदूबाईने डोळे पुसले. "मग जेवले मी."

मैना वाळूत बसली. मग म्हणाली, "मग मला ते काचेतलं कशाला सांगितलं?"

"तू रडत व्हतीस म्हणून."

"आणि मला?" हे सदूने विचारलं, पण उत्तराची वाट न बघता तो नदीकडे वळला. वस्तऱ्याने नुकतंच काढलेलं डोकं उन्हात चकाकत होतं, आणि मागून तो पाचवीतल्या मुलासारखा दिसत होता.

"साहेबाला काय सांगू मी?" तो पाण्याकडे बघत म्हणाला. "नोकरीला लागताना सांगितलंय."

"तो साहेब मेला दादा, कधीच," मैना म्हणाली. पण या वेळी तिने टोमणा मारला नव्हता.

शिवा मात्र झाडांकडे बघत होता. दोन वर्षांत त्याने नकाशाबाहेरचा एक खिळा मारला नव्हता. चुकीच्या जागी एक रिव्हेट पडलं तर पत्रा उचकटून काढला होता. आणि आता त्या विमानातल्या दहा जागांपैकी एकीवरही आप्पा नव्हते. तरीही त्याच्यातला फिटर मनात मापं घ्यायला लागला होता, की जमिनीवर उभा माणूस, एक दशांश, किती उंच होईल.

तो पुन्हा पिंडाजवळ गेला.

"आप्पा," तो म्हणाला, "विमानात नाय बसवत तुमाला. खाली उभं करतो. विमानाच्या पुढं. लोकांना खरं सांगतो." मग कावळ्यांकडे बघून, कारण तेही ऐकत होते, त्याने जोडलं, "आणि तुमी पण सोडून द्या आता. नोकरी व्हती त्यांची."

सुरूच्या फांदीवरून एक कावळा सुटला. वाळूवर उतरला. तिरका चालत पानापर्यंत आला, मान वाकडी करून सगळ्यांकडे बघून घेतलं, आणि मधल्या पिंडावर चोच मारली. दुसरा आला. मग सगळेच आले आणि भाताची अशी दाणादाण केली की गुरुजींना आपला तांब्या ओढून घ्यावा लागला.

"शिवला," गुरुजी म्हणाले, आणि दर्भ पिशवीत टाकला.

*

घरी आल्यावर मात्र सदूने पुन्हा आघाडी उघडली. डोकं झाकायला टोपी घातल्यावर त्याला जरा धीर आला असावा.

"नदीवर बोललात ते ठीक. ते आपल्यात. शाळेत काय गरज आहे? एवढ्या पोरांसमोर सांगायचं, की हे भव्य विमान, आणि हे आमचे वडील, कावळे हाकत होते?"

"हो," शिवा म्हणाला.

"लोक हसतील."

"हसू देत की भावजी," चिमा म्हणाली. "जिवंतपणी पण हसवतच व्हते."

"ताई, तू सांग," शिवा म्हणाला.

मैनेकडे दोघेही बघायला लागले. नेहमीप्रमाणे ती जिकडे जाईल तिकडे पारडं झुकणार होतं. ती विमानाच्या नाकाशी उभी होती. बरणीच्या प्लॅस्टिकच्या काचेतून आत पाहत होती. आत कुणी नव्हतं, नुसता निळसर उजेड होता.

"एक विमान उठलं नसतं," ती म्हणाली. "पाखरं हाकली नसती तर. पायलट काय नि बॉम्बवाला काय, सगळे तिथंच धावपट्टीवर आपटून मेले असते. दादा, बोर्डवर तेच लिही. ह्यांनी पाखरं हाकली म्हणून ही विमानं उडाली."

"एवढं बसणार नाही बोर्डवर."

"'कै.' बसवलंस की."

शिवाने पाठीवरचा पत्रा उचलला, जागेवर धरला आणि खिळे ठोकायला घेतले. आत कुणालाच न बसवता. शेपटाकडचा शेवटचा खिळा ठोकताना त्याचा हात थांबला. मग तोही बसला. दुमडलेल्या गुडघ्यांचा टीचभर माणूस पायरीवर तसाच पडला होता, त्याला उभं करणं शक्य नव्हतं. शिवाने शिवणीचा नवा तुकडा घेतला, पायरीवर बसला आणि पटाशी चालवायला लागला. पाय झाले. कंबर झाली. उजवा हात वर उगारलेला ठेवायचा, हे त्याने मनाशी ठरवलं होतं.

सदू बोर्ड घेऊन खाली बसला. नखाने 'सहपायलट'चा रंग खरवडून बघत होता, निघतो का. शिवाची पटाशी कुरकुरत होती. मग सदूने मान वर न करता विचारलं, "काठी कुठल्या हातात होती?"

"काय?"

"आईला विचार. काठी कुठल्या हातात, डबा कुठल्या. एवढं खरं करायचंच आहे तर अर्धवट नको."

"काठी उजव्या हातात असणार," शिवा म्हणाला.

"असणार म्हणजे? आप्पा नारळ डाव्या हाताने सोलायचे."

"नारळ डाव्या, पण दगड उजव्या," मैना म्हणाली. "मला माहीत आहे, मला मारलेत."

"तुला डाव्याने मारलेत. मी बघितलंय."

गोदूबाई पडवीच्या कठड्यापाशी बसून हे सगळं ऐकत होती. तिने हात पुढे केला तेव्हा शिवाने तो अर्धा माणूस तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो डोळ्यांजवळ नेला. चेहऱ्यावर अजून काही नव्हतं. नाकासाठी सोडलेला उंचवटा आणि खाली सपाट लाकूड.

"हात तुमाला पायजे तो करा," ती म्हणाली. "पण तोंड उघडं ठेव त्याचं. मोठ्ठं. ओरडत असायचा तो."

"डब्याच्या आवाजाबरोबर?" शिवाने विचारलं.

"कायम." तिने तो माणूस परत दिला. "मिटलेलं तोंड मी त्याचं पहिल्यांदा दहा दिसांपूर्वी बघितलं. मला नाय आवडलं."